किनाऱ्यावरच्या धंद्याला परवाना: टपरीला द्यायचा की माणसाला?

सुरूबन:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सिंधुदुर्गातले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाव लहान आहे आणि सगळे सगळं वाचतात. माझी मावशी गेली चौदा वर्षं आमच्या पुळणीवर कोकम सरबत, लिंबू सरबत आणि मे महिन्यात करवंदं-जांभळं विकते. तिचं दुकान म्हणजे झाकणाला फडकं बांधलेला एक स्टीलचा डबा, बर्फासाठी थर्माकोलचा खोका, एक स्टूल आणि एक छत्री जिची एक काडी कायम मोडलेली असते. डबा डोक्यावर, खोका काखेत, स्टूल आणि छत्री हाताला लागेल त्या पोराकडे. भरतीचं पाणी पायाला लागलं की उठते, चार पावलं मागे सरकते, परत बसते. ऊन उतरलं की सगळं उचलून घरी. पुळणीवर मागे राहतात ते फक्त स्टुलाच्या चार पायांचे खड्डे, ते रात्रीच्या भरतीत जातात.

मागच्या महिन्यात कागद आला. किनाऱ्यावरच्या अनधिकृत व्यावसायिकांनी परवाना दाखवावा नाहीतर साहित्य जप्त करू. बरं, मावशीचं म्हणणं काय, मागतायत तर घेऊन टाकूया परवाना, दोन पैसे जाऊदेत पण रोजची धाकधूक नको. म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकून फॉर्म आणायला गेलो. फॉर्ममधले रकाने असे: शॅकची (म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलची) लांबी-रुंदी, छपराचं साहित्य, बैठक व्यवस्था, सांडपाण्याची सोय. आता डब्याची लांबी-रुंदी काय लिहू? टेबलामागचे गृहस्थ खरंच भले होते, म्हणाले अहो हे तुमच्यासाठी नाही, हे शॅकवाल्यांचं आहे. म्हटलं मग आमच्यासाठीचा द्या. तर म्हणाले तसा काही नाहीये.

म्हणजे परवाना नाही म्हणून ती अनधिकृत, आणि मागायला गेलं तर तिच्या मापाचा परवानाच कुणी शिवलेला नाही. घरी येऊन सांगितलं तर मावशी म्हणते, "माझो डबो बांधकाम कधीपासून झालो?"

कुणाला यातलं काही माहीत असेल तर सांगा. इतर ठिकाणी काय करतात?

उनाड_पुणेकर:
तुमच्या मावशींबद्दल पूर्ण आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. आम्ही वर्षातून दोनदा तरी कोकणात येतो आणि दर वेळी किनारा थोडा अजून आक्रसलेला दिसतो. पाण्यापर्यंत पोचायच्या आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, बसलात तर ऑर्डर द्या, नाही दिलीत तर उठा. अहो वाळू कुणाच्या मालकीची आहे? गेल्या वेळी मुलीला किल्ला करायला सहा फूट मोकळी जागा शोधत होतो, तर एक जण येऊन सांगतो की इथे आमचं टेबल लागतं. शिवाय कणसाचे दांडे, शहाळ्यांचे ढीग, स्पीकर. परवाने द्यायचेच तर आधी आहेत ते अर्धे कमी करा मग द्या. राग नसावा.

झिपरी:
+१. आणि त्या चार चाकी मोटरबाईका विसरलात. वाळूत लहान पोरं बसलेली असतात आणि हे शेजारून भर्रकन.

सुरूबन:
उनाड, राग कसला, खरंच आहे ते. आमच्याकडे पण खुर्च्या आल्यात, गावातल्यांच्या कमी आणि बाहेरून आलेल्यांच्या जास्त. पण बघा ना, कागद सगळ्यांना एकच आला. पन्नास खुर्च्यावाल्याला तोच आणि मावशीला तोच. झिपरी, मावशी मोटरबाईक चालवत नाही याची मी हमी देतो :)

काळा_कोट:
धागाकर्ते, तुमच्या प्रश्नातली गाठ कायद्यातच आहे, जरा सविस्तर लिहिते.

फेरीवाल्यांसाठी केंद्राचा २०१४ चा कायदा आहे, पथविक्रेता अधिनियम म्हणतात. चांगला कायदा आहे, निदान कागदावर. त्यात सर्वेक्षण करा, प्रत्येक विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र द्या, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं हातात पडेपर्यंत कुणाला उठवायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश बायका. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. आणि महत्त्वाचं म्हणजे हा कायदा फिरता विक्रेता पण मान्य करतो, एका जागी ठाण मांडलंच पाहिजे असं नाही. म्हणजे तुमच्या मावशींचं वर्णन वाचून लिहिल्यासारखा कायदा आहे.

आता मेख. हा कायदा शहरांसाठी लिहिलाय. 'स्थानिक प्राधिकरण' याच्या व्याख्येत महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कँटोन्मेंट बोर्ड अशी नावं येतात. ग्रामपंचायत नाही. आणि कोकणातले निम्म्याहून जास्त किनारे कुणाच्या हद्दीत? ग्रामपंचायतींच्या! मालवण, वेंगुर्ला, अलिबाग ही नगरपरिषदांची गावं, गुहागर नगरपंचायत, तिथे निदान दार ठोठावता येतं. तुमचा किनारा ग्रामपंचायतीत असेल तर ते दारच नाही. शहरात फूटपाथवर बसणाऱ्याला जे संरक्षण आहे ते वाळूवर बसणाऱ्याला नाही, कारण वाळू 'टाऊन' नाही.

मालकीचं म्हणाल तर भरतीरेषेच्या खालचा समुद्रतळ राज्य सरकारचा, महसूल संहितेचं कलम २०. पण सरकारचा म्हणजे वाट्टेल तसा विकायला नाही, विश्वस्त म्हणून. कमल नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच सांगितलं, समुद्र, पाणी, जंगल ही जनतेची ठेव आहे आणि सरकार राखणदार. त्यामुळे उनाड यांच्या मुलीचा किल्ल्यावरचा हक्क कायद्याने पण भक्कम आहे.

आणि तुमचं गाव नगरपंचायतीच्या हद्दीत येतं का, हे आधी कळवा.

सुरूबन:
नाही हो ताई, ग्रामपंचायतच. म्हणजे बोंबला.

मोजणीवाला_काका:
काळा कोट यांनी छान लिहिलंय, मी दुसऱ्या टोकापासून भर घालतो. आयुष्य जमीन मोजण्यात गेलं, आता निवृत्त.

तुम्हाला जो फॉर्म मिळाला तो बहुतेक शॅक धोरणाच्या धर्तीवरचा असणार. जून २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किनाऱ्यावरच्या शॅकचं धोरण मंजूर केलं, सुरुवातीला आठ किनारे घेतले होते: पालघरमध्ये केळवे आणि बोर्डी, रायगडात वर्सोली आणि दिवेआगर, रत्नागिरीत गुहागर आणि आरे-वारे, सिंधुदुर्गात कुणकेश्वर आणि तारकर्ली. शॅकचं माप ठरवलं १५ फूट रुंद, २० फूट लांब, १२ फूट उंच, आणि पुढ्यात बसायला २० बाय १५ ची जागा. म्हणजे सहाशे चौरस फूट झाले. मुंबईतल्या फ्लॅटएवढी टपरी! ज्याने हे माप ठरवलं त्याच्या डोळ्यापुढे गोव्याचा फोटो होता, तुमच्या मावशीचा डबा नव्हता.

त्यात सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची भानगड. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यांवर तात्पुरत्या सोयी चालतात, शॅक, शौचालय, कपडे बदलायची खोली, बसायची बाकडी वगैरे. पण अटी दोन. एक, मंजूर झालेल्या किनारा व्यवस्थापन आराखड्यात पर्यटनाचा प्लॅन पाहिजे. दोन, उच्चतम भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सोडून. आता उच्चतम भरतीरेषा म्हणजे रोजची नव्हे, उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती. तिच्या मागे दहा मीटर जा आपल्या कोकणात, काय लागतं? एकतर सुरूचं बन लागतं, नाहीतर कुणाची तरी माडाची वाडी, नाहीतर थेट रस्ता. आपली पुळण काही मद्रासच्या मरीनासारखी अफाट रुंद नाही. म्हणजे कायदेशीर टपरी लावायची तर ती किनाऱ्यावर लागतच नाही, आणि जी किनाऱ्यावर दिसते ती कायदेशीर नाही. मी गंमत करत नाहीये, टेप धरून बघितलंय.

सुरूबन:
काका, हे मी काल वडलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दर्या काय सर्वेअराक इचारून वर येता?" तुमच्यावर राग नाही त्यांचा :)

मोजणीवाला_काका:
अरे बरोबर बोलतायत ते. चेन्नईच्या संस्थेने नकाशावर रेषा काढलीय खरी पण एका पावसाळ्यात पुळण किती सरकते ते गावातल्या माणसालाच माहीत.

मिरची_कमी:
विषयांतर होतंय पण मावशींच्या कोकम सरबताचं प्रमाण मिळेल का? आमच्याकडे नेहमी एकतर गोडमिट्ट नाहीतर नुसतं आंबट होतं.

सुरूबन:
आगळ वाटीने मोजू नका, ग्लासात रंग बघून घाला असं म्हणते ती. जिरं भाजून भरडच. आणि साखर आधी नाही. यापेक्षा जास्त मलाही सांगत नाही, ट्रेड सीक्रेट.

प्रॅक्टिकल_पाटील:
एवढी चर्चा वाचली. मला कळत नाही की सरळ लिलाव का करत नाहीत. किनाऱ्याचे प्लॉट पाडा, जो जास्त बोली लावेल त्याला तीन वर्षं द्या. आलेल्या पैशातून जीवरक्षक नेमा, संडास बांधा, कचरा उचला. सरकारच्या तिजोरीत भर, पर्यटकाला सोय, कुणी रडायचं कारण नाही. इमोशनल होऊन धोरणं बनत नसतात.

म्हापशेचो:
पाटील, नमस्कार. तुमचं गणित कागदावर बरोबर आहे, पण आम्ही हा सिनेमा बघितलाय. गोव्यात म्हणूनच शॅक सोडतीने देतात, चिठ्ठ्या टाकून, आणि आधीपासून धंदा करणाऱ्यांना मोठा वाटा राखून. लिलाव केला तर पहिल्याच फेरीत गावातला माणूस बाद, कारण बोली लावायला पैसा लागतो आणि पैसा ज्याच्याकडे आहे तो वाळूत बसून भजी तळणार नाहीये, तो मॅनेजर ठेवणार.

पण सोडत म्हणजे सगळं गोड असंही नाही हां. आमच्याकडचं दुखणं म्हणजे पोटभाडं. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली तो घरी बसतो आणि शॅक दुसराच चालवतो, बाहेरचा. सीझन सुरू व्हायच्या आधीच सौदा झालेला असतो. एकदा मी एका शॅकमध्ये जेवलो, बिलावर नाव एकाचं, भिंतीला लावलेल्या परवान्यावर दुसऱ्याचं आणि काउंटरवर तिसराच, आणि गंमत म्हणजे त्या तिसऱ्याला परवानावाला कोण ते माहीतच नव्हतं, भाडं मधला माणूस नेतो म्हणाला. सरकार दंडाच्या गोष्टी करतं, तपासण्या करतं, नोटिसा देतं, पुढच्या वर्षी परत तेच.

चांगली गोष्ट एकच सांगतो. आमच्या शॅकला सीझन असतो, सप्टेंबर ते मे, आणि पावसाळ्याआधी सगळं मोडून न्यावं लागतं. सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेतच गोव्यासाठी तसं लिहिलंय, निव्वळ तात्पुरती, हंगामी. कितीही खटपटी करा, जूनमध्ये वाळू मोकळी होते. तीन महिने किनारा किनाऱ्यासारखा दिसतो. परवान्याची मुदत कॅलेंडरपेक्षा पावसाशी बांधली की अर्धं पक्कं बांधकाम आपोआप टळतं.

प्रॅक्टिकल_पाटील:
मग लिलाव पण वाईट आणि सोडत पण वाईट. करायचं काय? जीवरक्षकाचा पगार आभाळातून पडणार का? दर मे महिन्यात कुणीतरी बुडाल्याची बातमी येते तेव्हा हेच लोक विचारतात की जीवरक्षक कुठे होता.

सुरूबन:
पाटीलसाहेब, पगाराचा मुद्दा मान्य. पण एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी पाणी ओसरताना एक कॉलेजचा ग्रुप आत गेला होता. आमच्याकडे एका जागी ओहोटीला ओढ असते, बाहेरून काही कळत नाही, उलट तिथलंच पाणी शांत दिसतं म्हणून लोक तिथेच जातात. मावशी स्टुलावरून उठून ओरडायला लागली, तिचा आवाज म्हणजे काय सांगू, अख्खी वाडी जमते. शेजारचा शहाळंवाला कोयता टाकून धावला, त्याच्या मागून रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) पोरं दोर घेऊन. दोघांना ओढून काढलं. मावशीचा डबा या गडबडीत लवंडला, वाळू लाल झाली, आणि त्या मुलांपैकी एकजण ते रक्त समजून अजून घाबरला. शुद्धीवर आल्यावर मावशीने त्यालाच खालचं उरलेलं सरबत पाजलं आणि वर शिव्या दिल्या.

याचे पैसे कुठल्या लिलावात धरायचे? जो चौदा वर्षं एका जागी बसतो त्याला पाणी वाचता येतं. प्लॉट घेणाऱ्याचा मॅनेजर दर सीझनला बदलणार.

उनाड_पुणेकर:
हे वाचून मी माझ्या आधीच्या पोस्टमधलं 'अर्धे कमी करा' थोडं मागे घेतो. खुर्च्यांबद्दलचं नाही घेत.

मरीना_ते_माहीम:
कामानिमित्त नऊ वर्षं चेन्नईत आहे म्हणून तिथलं सांगते. मरीनाची वाळू खरंच अफाट रुंद आहे, काका म्हणतात तसं, आणि तिच्यावर गाड्यांचं जंगल झालं होतं. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. शेवटी ठरलं ते असं की ९०० एकसारख्या गाड्या महापालिकेने द्यायच्या, आणि वाटप सोडतीने, त्यातला मोठा हिस्सा आधीपासून विकणाऱ्यांसाठी. २०२१ च्या सुरुवातीला सोडत झाली.

मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे गाडीचं माप. एका माणसाला ढकलता येईल एवढी गाडी, खुर्च्या-टेबलं मांडायची नाहीत. न आवडलेली गोष्ट म्हणजे जे लोक गाडीवाले नव्हतेच, टोपलीत सुंडल विकणारी मुलं, डोक्यावर मोत्यांच्या माळा घेऊन फिरणाऱ्या बाया, फुगेवाले, ते सगळे हिशेबात कुठे बसतात ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. सगळ्या गाड्या सारख्या करायच्या म्हटल्या की ज्याच्याकडे गाडीच नाही तो गळतो. सुरूबन यांच्या मावशींचं तेच झालंय.

झिपरी:
सुंडल म्हणजे वाटाण्याची उसळ ना, वर कैरी खोबरं घालून? आठवण काढलीत.

कासवांची_ताई:
माझा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून काढते. ऑलिव्ह रिडले कासवं आपल्याकडे साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात, म्हणजे नेमका पर्यटनाचा सीझन. वेळासला २००२ पासून संवर्धनाचं काम चालू आहे, आंजर्ल्यात आहे, आणि गुहागरला पण घरटी होतात. काकांनी दिलेल्या आठ नावांत गुहागर आहे हे लक्षात घ्या. एकाच पुळणीवर एक खातं कासवाला बोलावतंय आणि दुसरं खातं शॅकला.

प्रश्न टपरी असण्याचा नाही, दिव्याचा आहे. पिल्लं घरट्यातून बाहेर आली की जिकडे उजेड जास्त तिकडे चालतात. निसर्गात तो उजेड समुद्राकडे असतो. मागे एलईडीची माळ लावलीत की पिल्लू उलटं, रस्त्याकडे. एकदा पहाटे मी स्वतः खुर्चीच्या पायाशी फिरत बसलेलं पिल्लू उचललंय, वाळूत त्याच्या पावलांची रेघ गोल गोल उमटली होती, बिचारं रात्रभर त्या एका बल्बभोवती फिरलं असणार.

म्हणून माझं मत, परवान्यावर फूट मोजू नका, वेळ मोजा. सूर्य बुडाला की सामान उचला. मावशींना हे सांगायची गरजच नाही, त्या तसंही घरी जातात. फूट मोजलेत तर शॅकवाला त्याच मापात झगझगाट करणार आणि म्हणणार मी नियमातच आहे.

रापणीचा_दोर:
सगळे विकणाऱ्यांचं आणि पर्यटकांचं बोलतायत. पुळण आधी कुणाची होती ते पण लिहा. आमच्या घरात रापण तीन पिढ्या. रापण ओढायची तर दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि दोर ओढत मागे जायला मोकळी वाळू लागते, खूप लागते. आता मागे जायला गेलं की पाठीत छत्री लागते. एकदा तर दोर एका टेबलाच्या पायात अडकला, टेबलावरचे लोक मोबाईलवर शूटिंग करत बसले आणि आम्ही जाळं धरून उभे. होड्या लावायची जागा, जाळी पसरायची जागा, सुकट वाळवायची जागा, हे कुठल्या प्लॅनमध्ये असतं सांगा. परवाना द्या, कोण नाही म्हणतं, आमच्या बायका पण विकतातच की. पण आधी आमच्या जागेवर खडूने रेघ मारा आणि मग उरलेली वाटा.

रापणीत एक बरं असतं, दोराला हात लावला त्याला वाटा. म्हातारा असो, पोर असो, हात लावला की मिळणार. घरी बसून वाटा मागता येत नाही.

काळा_कोट:
रापणीचा दोर, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ना तोच पोटभाड्यावरचा इलाज आहे, कायद्याच्या भाषेत सांगायचं तर परवाना व्यक्तीशी बांधलेला, हस्तांतर नाही. २०१४ च्या कायद्यात तसंच आहे, प्रमाणपत्र विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, विक्रेता वारला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तरच नवरा-बायको किंवा अवलंबून असलेल्या मुलाला त्याच्या जागी विकता येतं, तेही प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत. पोटभाडं का चालतं? कारण शॅक ही वस्तू आहे, ती मालक नसतानाही उभी राहते. डोक्यावरचा डबा मालक नसताना उभा राहत नाही.

प्रॅक्टिकल_पाटील:
बरं, हे पटलं. पण मोठ्यांचं काय? ज्याला खरंच पंचवीस लोकांना जेवायला घालायचंय, त्याच्याकडे संडास पाहिजे, पाणी पाहिजे, गॅस आहे म्हणजे आगीची सोय पाहिजे. तिथे तुमचा डबा-परवाना चालणार नाही.

काळा_कोट:
अगदीच. तिथे लिलाव करा, माझी हरकत नाही, भरतीरेषेच्या मागे, दहा मीटर सोडून, संख्या ठरवून. आणि त्या पैशातून तुमचे जीवरक्षक. फक्त दोघांना एका फॉर्ममध्ये कोंबू नका.

उनाड_पुणेकर:
आणि कचऱ्याचं? प्लास्टिकबंदी राज्यात २०१८ पासून आहे, देशभरात एकदा वापरायच्या प्लेटा-चमचे-स्ट्रॉ २०२२ पासून बंद, तरी वाळू उकरली की स्ट्रॉ निघते.

सुरूबन:
मावशीकडे स्टीलचे ग्लास आहेत, अकरा. बारावा एका पुणेकराने नेला :) धुवायला घरून पाणी आणते. लोकांनाच कागदी कप हवा असतो, स्टीलचा ग्लास बघून नाक मुरडतात, ते पण सांगून ठेवतो.

उनाड_पुणेकर:
तो मी नव्हे.

सुरूबन:
सव्वा महिन्याने अपडेट देतोय, उशिराबद्दल सॉरी.

या धाग्याची प्रिंट काढून (मिरची कमी यांची पोस्ट वगळून) ग्रामसभेत नेली. काळा कोट ताईंनी व्यनितून (खासगी निरोपातून) अर्ज लिहून दिला त्याबद्दल त्यांचे किती आभार मानू. मागणी एवढीच ठेवली की २०१४ चा कायदा लागू होत नसेल तर नसो, पण गावाने स्वतःची यादी करावी, कोण काय विकतं, किती वर्षं विकतं, काय घेऊन बसतं, आणि ती ठरावासकट वर पाठवावी. यादी होईपर्यंत कुणाचं सामान उचलू नये.

सभेत जे व्हायचं ते झालं. एकाने उभं राहून विचारलं की गेल्या वर्षी ज्याने दुकान टाकलं त्याचं नाव घालायचं का, त्यावर दोघं भांडले, एक चहा न घेता गेला. रापणवाल्यांनी त्यांची जागा आधी मोजायला लावली, तलाठी नव्हते म्हणून त्यांच्याच दोराने मोजली आणि दोन्ही टोकांना बांबू रोवले, कदाचित टेपपेक्षा बरोबर असेल. खुर्च्यावाले सभेला आलेच नाहीत. दिव्याचा मुद्दा मी काढला तर लोक हसले, पण लिहून घेतला, सूर्यास्तानंतर पुळणीवर दिवा नाही.

यादीत सत्तावीस नावं झाली. मला वाटलं होतं दहा-बारा निघतील. त्यात आठ जणींना आजवर कुणी व्यावसायिक म्हटलंच नव्हतं, त्या स्वतःच म्हणत होत्या आमचं नको घालू, आम्ही काय, थोडंसंच विकतो.

वर काय होईल ते बघू. अजून उत्तर नाही, पण परत कागद पण आलेला नाही. मावशी रोज बसते.

ग्रामसेवकांनी वहीत रकाने आखले होते, नाव, वय, वर्षं, माल आणि शेवटी 'आकार', बहुतेक त्या जुन्या फॉर्मवरून उतरवून. मावशीची पाळी आली तेव्हा ते पेन धरून थांबले, म्हणाले काय लिहू, फुटात सांगा. ती म्हणाली, "माझ्या डोक्यार मावता तितको." त्यांनी तेच लिहिलं, शुद्ध मराठीत करून, आणि खाली अंगठ्याऐवजी तिने सही केली, जरा वेळ लागला.

मिरची_कमी:
अभिनंदन मावशींचं! पण प्रिंटमधून माझीच पोस्ट का वगळली?

सुरूबन:
मावशीने सांगितलं. सभेत निम्म्या बायका सरबत विकणाऱ्याच होत्या.